अळणी भाकरी

अंजनाच्या भाकरीला नाव ठेवायची खोडदच्या वरच्या मळ्यात कुणाची टाप नव्हती. नव्या सुनेनं भाकरी थापली की तिची सासू म्हणायची, "बरी हाय, पण अंजनाच्या भाकरीची सर न्हाई." परातीत गरागरा फिरणारी, काठाला चीर नाही, तव्यावरून निखाऱ्याला लावली की टम्म फुगणारी. आणि या भाकरीची खरी परीक्षा व्हायची पौषात, मळ्याच्या सप्ताहाला.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की अख्ख्या मळ्याची पंगत बसते. पंगतीला आमटी-भाकरी. आमटी देवळामागं मोठ्या कढईत शिजते, भाकऱ्या मात्र घरटी. ज्यानं त्यानं आपल्या चुलीवर भाजायच्या, फडक्यात बांधायच्या आणि टेंपो दारात आला की चढवायच्या. देवळात त्या सगळ्या एकाच राशीत ओततात. कुणाची जाड, कुणाची करपलेली, कुणाची एका अंगानं कच्ची. राशीत पडली की ती मळ्याची. इथं भांडणांना काही तोटा नाही. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून माणसं वर्षानुवर्षं एकमेकांची तोंडं बघत नाहीत. पण राशीतल्या भाकरीला "तू कुणाच्या घरची" असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

आणि त्या राशीतून गेल्या पौषात अंजनाच्या भाकऱ्या तेवढ्या बाजूला काढल्या गेल्या.

तिला हे कुणी येऊन सांगितलं नाही. सांगायला छाती लागते. दुसऱ्या दिवशी ती आपलं फडकं आणायला संपतच्या गोठ्यावर गेली. संपत म्हणजे तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. टेंपो त्याचा, सप्ताहाचा कारभारही तोच बघतो. गव्हाणीच्या कडेवर तिचं निळ्या चौकड्यांचं फडकं पसरलेलं होतं आणि संपतची म्हैस तिच्या भाकऱ्या मिटक्या मारत खात होती. अंजना बघतच राहिली. पहाटे उठून, गळ्यावरचे फोड पदरानं झाकून, धुरात डोळे चोळत तिनं त्या भाजल्या होत्या.

"वहिनी, मला काय न्हाई वो," संपत मान खाजवत म्हणाला. "पण लोकं बोलत्यात. तुमचं ते अंगावरचं... पोराबाळांची पंगत असती. लोकं म्हणत्यात, लागायचं कुणाला."

ही 'लोकं' मळ्यात नेमकी कुठं राहतात, त्यांची चूल कोणती, त्यांना मतदान आहे का, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. पण कुठलंही हलकं काम करायचं असलं की ती हमखास मदतीला येतात. अंजनानं फडकं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि घरी आली.

दुखणं सुरू झालं होतं ते तोंडातून. आदल्या श्रावणात गालाच्या आतल्या बाजूला फोड आले, फुटले, आणि तिथलं सालपट निघून लालभडक झालं. सगळे म्हणाले, उष्णता. तिनं सब्जा खाल्ला, गुलकंद खाल्ला, ताकाच्या चरव्या रिचवल्या. मग छातीवर, मानेवर, पाठीवर पाण्यानं भरलेले फोड उठले. हात लागला की फुटायचे आणि कातडी ओल्या कागदासारखी सरकायची. आता सगळे म्हणाले, नागीण. तिची सासू साळुबाई तिला एका जाणत्याकडं घेऊन गेली. त्यानं फोडांभोवती गेरूच्या रेघा ओढल्या आणि नागिणीचं तोंड शेपटीला मिळायच्या आत आल्याबद्दल दोघींचं कौतुक केलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, त्यातली गत. फोड रेघ ओलांडून खुशाल पुढं गेले.

मग साळुबाईनं घरात तिचं ताट वेगळं केलं. पितळी वेगळी, पेला वेगळा, धुण्याची दोरी वेगळी. "राग मानू नगस अंजने," म्हातारी म्हणाली, "पर जिवाला जपाया पायजे." कुणाच्या जिवाला, ते तिनं सांगितलं नाही.

गव्हाणीवरून आली त्या दिवशी अंजनानं नवऱ्याला सगळं सांगितलं. गोरख टोमॅटोच्या रोपांची ऑर्डर द्यायला निघाला होता. माणूस वाईट नव्हता, पण साधं भांडणही अंगावर घेत नव्हता. त्यानं नेहमीचं एक वाक्य उच्चारलं.

"जाऊ दे."

"जाऊ कशाला देऊ?" अंजना कडाडली. तोंडातल्या फोडांमुळं तिला बोलताना त्रास व्हायचा, पण त्या दिवशी शब्द थांबेनात. "माझी भाकर म्हशीला घातली त्यांनी! ऐकून ठेवा. पुढल्या पौषात माझी भाकर त्याच राशीत पडंल आन् त्याच संपतच्या ताटात वाढली जाईल. न्हाई पडली तर मी चुलीफुडं बसायचं सोडीन."

गोरख चपलेत पाय घालता घालता थांबला. बायकोचा असा आवाज त्यानं लग्नाला इतकी वर्षं होऊन ऐकला नव्हता.

माघ लागला तशी अंजना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेली. कुणी नेलं नाही, तीच गेली. नारायणगावच्या स्टँडवरून एसटीत बसली आणि गोरख आपसूक मागून चढला. चामडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. केसपेपरवर लिहिता लिहिता तिनं विचारलं, "माहेर कुठलं?"

"लोणी. आंबेगावातलं."

"अगंबाई, मीपण लोणीचीच की! कोंडाबाईंची नात. प्रज्ञा."

अंजनाला कोंडाबाई आठवत होती, ओसरीवर न चढता अंगणातच बसणारी. अंजना जरा मागं सरकून बसली, हल्लीची सवयच ती. पण प्रज्ञानं हातमोजे चढवले, खुर्ची पुढं ओढली आणि तिची मान, छाती, पाठ, तोंड नीट हात लावून तपासलं. कित्येक महिन्यांत कुणी आपणहून तिला हात लावला नव्हता. अंजनाचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच राग आला.

"घरात वेगळं ताट आहे?" प्रज्ञानं खालच्या आवाजात विचारलं.

अंजनानं मान डोलावली.

"वेगळा पेला काय असतो ते माझ्या आजीनं जन्मभर बघितलं, अंजनाताई. लोणीतच बघितलं. तिला तर काही रोगही नव्हता. तुम्ही एक दिवस खपवून घेऊ नका."

तो पेला लोणीत कुणाकुणाच्या घरी असायचा, हे विचारायची अंजनाला हिंमत झाली नाही.

कातडीचा तुकडा तपासायला गेला आणि आजाराला नाव मिळालं. पेम्फिगस. नाव कसलंही असो, प्रज्ञानं ते सांगितलं मात्र मळ्याच्या भाषेत. "आपल्या अंगात राखण करणारी एक फौज असते, बाहेरचा जंतू आला की मारणारी. तुमच्यात ती आपल्याच कातडीवर उठलीय. कुंपणच शेत खातंय. बाहेरून काही आलेलं नाही, त्यामुळं तुमच्याकडून कुणाला जायचं नाही. एका ताटात जेवा, एका अंथरुणात झोपा. लागत नाही."

"ऐकलं का?" अंजना नवऱ्याकडं वळून म्हणाली. गोरख कानापर्यंत लाल झाला.

पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या. स्टेरॉइडच्या. मीठ बंद, साखर बंद. फोड थांबले, जुन्या जखमांवर खपल्या धरल्या. पण गोळीनं एका हातानं दिलं ते दुसऱ्या हातानं घेतलं: तोंड पुरीसारखं फुगलं, झोप उडाली, चिडचीड वाढली. पाणवठ्यावर बायका म्हणू लागल्या, "अंजनाला दवाखाना मानवला गं, कशी भरलीय!" आणि डॉक्टरांनी गोळी जरा उतरवली की फोड परत डोकं वर काढत. वैशाखात प्रज्ञानं सांगितलं, "नुसत्या गोळीवर किती दिवस ओढायचं? जोडीला दुसरं औषध देऊ. रिटुक्सिमॅब म्हणतात. सलाईनमधून हळूहळू सोडायचं, पंधरवड्याच्या अंतरानं दोनदा. जी पेशी ही उलटी फौज तयार करते, तिलाच ते गाठतं. पण नीट ऐका. गोळी बंद करायची नाही. दोन्ही बरोबर चालणार. गोळी मी सांगेन तशी, थोडी थोडी उतरवायची."

नीट ऐका म्हटलं की माणूस नेमकं ऐकत नाही. पहिलं सलाईन झालं, माल टाकून परतणाऱ्या एका पिकअपमधून दोघं निघाले, आणि गोरखच्या डोक्यात टोमॅटोचा जुना प्लॉट घोळायला लागला.

त्या प्लॉटची गोष्ट मळ्यात सगळ्यांना पाठ होती. मजूर मिळेना म्हणून गोरखनं एकदा बुरशीचं निळं औषध आणि किडीचं दुसरं औषध एकाच टाकीत कालवून मारलं होतं. दोन्ही औषधं चांगली, दोन्हींचे डबे सीलबंद. पण एकत्र आली आणि फळांनी लगडलेला प्लॉट विस्तव दाखवल्यासारखा करपून गेला. तेव्हापासून गोरखनं एक कायदा केला होता आणि तो देवाच्या आज्ञेसारखा पाळला होता: एका टाकीत दोन औषधं नाहीत.

"अंजने," तो घरी आल्यावर म्हणाला, "मॅडमला कातडीतलं कळतं, मी न्हाई म्हणत न्हाई. पर मिसळणीनं काय व्हतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. आता ते भारीतलं अंगात गेलंय ना? मग ही गोळी कशाला वर? एकावर एक उठलं म्हंजी?"

साळुबाईनंही री ओढली. "तोंड बघ कसं झालंय तिचं. बंद कर बाई ती गोळी."

आणि खरं सांगायचं तर अंजनालाही ते हवंच होतं. आरशातलं ते अनोळखी तोंड तिला नकोसं झालं होतं. गोळ्यांची पाकिटं फडताळाच्या वरच्या फळीवर गेली. यात कुणाचं कपट नव्हतं, उलट मायाच होती. पण मायेनं केलेली चूक काही कमी भाजत नाही.

चार दिवस बरे गेले. मग तिला कोरड्या उलट्या सुरू झाल्या, पायातलं बळ गेलं. टोमॅटोच्या बांधणीला सुतळी ओढता ओढता ती सरीत बसली ती उठेचना. आणि फोड असे आले की आधीचे बरे होते म्हणायची पाळी आली. आगीतून फुफाट्यात. सकाळी अंथरुणावरून उठायला गेली तर चादर पाठीला चिकटलेली. ओढावी तर कातडी सोबत येणार.

गोरख दारात थिजून उभा राहिला. तेव्हा साळुबाई पुढं झाली. म्हातारीनं कोमट पाणी आणलं, मऊ फडकं भिजवलं आणि सुनेच्या उघड्या पाठीवर हात ठेवून चादर बोटाबोटानं सुटी केली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. अंजना दातांखाली पदर धरून कण्हत होती आणि म्हातारी रडत, नाक ओढत, "झालंच बाय, झालंच माझ्या लेकी" असं पुटपुटत होती. तिच्या हाताला काय काय लागलं होतं, ते तिला त्या वेळी सुचलंही नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. कधी कधी ते शेजारच्या हातालाही कळतं.

अंजनाला तातडीनं पुण्याला दाखल करून औषध सुरू केल्यावर प्रज्ञा भडकली. "सांगितलं होतं ना मी? स्टेरॉइड एकदम सोडलं की शरीर कोलमडतं. अजून उशीर झाला असता तर काय झालं असतं, कल्पना आहे?"

गोरख भिंतीला टेकून उभा होता. "मॅडम, मीच बंद केली," तो म्हणाला. "एका टाकीत दोन औषधं..."

प्रज्ञाला काही कळेना. कॉटवरून अंजनाला मात्र कळलं. पुन्हा सुरू झालेल्या औषधानं तिच्या जिवात थोडा जीव आला होता. ओठ फुटलेले, तोंडात जखमा, तरी ती कोपरावर उठली.

"करपा पडला की तुमी काय मारता?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"आं?"

"टोमॅटोवर वो. करपा पडला की दुकानातनं काय आणता? सांगा."

"कॉन्टॅक्टमधलं एक. आन् एक सिस्टिमिक."

"दोन का?"

"कॉन्टॅक्टवालं पानावर बसतं, आजचा करपा आज थांबवतं. सिस्टिमिक झाडात मुरतं, पर त्याला येळ लागतो. नुसतं मुरणारं मारलं तर ते मुरंस्तवर प्लॉट..." गोरख बोलता बोलता थांबला.

"प्लॉट जातो," अंजनानं वाक्य पुरं केलं. "माझा गेला व्हता. आता ती दोन एका टाकीत कालवता का न्हाई?"

"कालवतो की. पर ती जुळणारी असत्यात."

"मग मॅडमनी काय बिनजुळणारी दिली व्हय? तुमी दुकानदाराचं ऐकता, आन् मॅडमचं ऐकाया तुमाला काय झालं? आन् मला तरी काय झालं व्हतं म्हना."

प्रज्ञाचा राग निवळला, ती हसली. "अगदी तसंच, दादा. गोळी आजची आग विझवते, सलाईन मुळाशी जातं. ते मुळाशी पोचलं की गोळी उतरवत न्यायची. कुठलं कुठल्याशी जुळतं ते बघूनच आम्ही देतो."

गोरखनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. त्याचा कायदा मोडला होता, आणि मोडला ते बरं झालं.

घरी आल्यावर त्यानं दुसरा कायदा केला. सकाळी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन तो बायकोसमोर उभा राहायचा आणि गोळी घशाखाली उतरली की मगच शेतात जायचा. आणि एक दिवस जेवताना त्यानं जाहीर केलं, "आजपासून घरात एकच सैपाक. अळणी. हिला येगळं न्हाई करायचं."

"माझ्या म्हातारीच्या तोंडाला तेवढीच चव राह्यली व्हती रं!" साळुबाई कळवळली. पण मुकाट्यानं जेवली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं काहीतरी पुटपुटली, एवढंच. मळ्यात मात्र चर्चेला तोंड फुटलं. मळ्यातल्या बायका बाजरीच्या पिठात चिमूटभर मीठ घालतातच. गोरखच्या घरी तेही बंद. 'अळण्याचं घर' असं नावच पडलं. मळ्यात कुणाकडं पावणं आलं की तिथला घरधनी म्हणायचा, "चहा घ्या गोरखकडं, जेवाया हिकडं या."

वेगळ्या ताटाचं काय करायचं ते अंजनानं ठरवून टाकलं होतं. ती पितळी तिनं कोंबड्यांना पाणी प्यायला अंगणात ठेवली. साळुबाईनं बघितलं आणि कोंबड्यांना हाकलायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

दुसरं सलाईन झालं. पाऊस आला, गेला. गोळी उतरत गेली, तोंडावरची सूज उतरली, आणि दिवाळीत अंजना एके दिवशी पथ्य चुकवून उसाचा करवा सोलून खाताना दिसली. तोंडात एकही जखम नव्हती. पाठीवर, मानेवर काळे डाग उरले होते. ते तिनं झाकायचं सोडून दिलं. प्रज्ञानं बजावलं होतं, "आजार आता दबलाय, पण औषधानं प्रतिकारशक्तीही दबलीय. गर्दीत मास्क लावायचा." तेवढा ती लावायची. बाजारात एक बाई तिला बघून चार पावलं सरकली, तेव्हा अंजना मोठ्यानं म्हणाली, "ह्यो तुमच्यापासनं मला जपायला हाय, माझ्यापासनं तुमाला न्हाई!"

पौष उजाडला. सप्ताह बसला. काल्याच्या आदल्या दिवशी संपत आला आणि अंगणातच उभा राहिला.

"वहिनी, औंदा तुमच्या घराला भाकरीची सूट दिलीय," तो गोड आवाजात म्हणाला. "दुखण्यातनं उठलाय. उगं तरास नको."

"मी मागितली व्हती का सूट?"

"तसं न्हाई, लोकं म्हणली..."

"भाऊजी, एकदा ती लोकं माझ्याकडं जेवाया घेऊन या. मला बघायचीत."

संपत कसंनुसं हसला आणि गेला. अंजनानं बाजरी निवडायला घेतली.

काल्याच्या दिवशी ती चुलीपुढं बसली. हात तेच, थाप तीच. भाकऱ्या एकामागून एक फुगत होत्या. साळुबाई शेजारी विस्तव सारत होती. "गावाला द्यायच्यात," ती म्हणाली. "पिठात मीठ तरी घाल."

"न्हाई आत्याबाई. आपल्या घरात जे खात्यात तेच जाईल. कुणाची हाय ते कळू द्या की त्यांना."

म्हातारीनं तिच्याकडं रोखून बघितलं, मग पदरानं डोळे पुसले. धुराचं निमित्त चांगलं असतं. आणि विस्तव पुढं सारला.

टेंपोचा आवाज आला. भोंगा वाजवत तो बांधावरच्या रस्त्यानं आला, शेजारच्या दारात थांबला, आणि अंजनाच्या दारावरून सरळ पुढं निघून गेला. लांब शेतापलीकडं खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य डिशा आभाळाकडं तोंड करून उभ्या होत्या. कुठल्या कुठल्या ताऱ्यांचं त्यांना ऐकू येतं म्हणे. अंजनाच्या दारात काय घडलं ते शेजारच्या घरातही ऐकू गेलं नाही.

तिनं मास्क लावला, निळ्या चौकड्यांच्या फडक्याला गाठ मारली आणि ते डोक्यावर घ्यायला वाकली. तेवढ्यात गोरखनं ते उचललं. आता हा 'जाऊ दे' म्हणणार, असं वाटून तिनं त्याच्याकडं डोळे वटारले.

"चल," गोरख म्हणाला. "देवळापर्यंत ओझं मी घेतो. म्होरं तू."

दोघं आणि मागून काठी टेकत साळुबाई, भर दुपारच्या उन्हात मळ्याच्या वाटेनं निघाले. मांडवात कीर्तन नुकतंच संपलं होतं. मधोमध पांढऱ्या कापडावर भाकऱ्यांची रास कमरेएवढी झाली होती. अंजना पुढं झाली, तिनं गाठ सोडली आणि फडकं राशीवर उपडं केलं. मग दोन्ही हात कोपरापर्यंत राशीत घातले आणि भाकऱ्या खालवर केल्या. पंचपक्वान्नं कालवावीत तशी मन लावून.

"अहो वहिनी!" संपत धावत आला. "काय केलं हे? आता कुठली कुणाची, कसं कळायचं?"

"आजवर कळत व्हतं का?" ती सरळ उभी राहिली. मानेवरचे काळे डाग स्पष्ट दिसत होते. "डॉक्टरनी सांगितलंय, माझं दुखणं कुणाला लागत न्हाई. वरीसभर माझ्या घरची माणसं माझ्या हातचं खात्यात. बघा, उभी हायेत. गेल्या साली माझ्या भाकरी म्हशीला घातल्या. औंदा त्या ह्या राशीत हायेत. ज्याला नको त्यानं उठून घरी जावं. मी काय कुणाचा हात धरला न्हाई."

कुणी हललं नाही. आमटीचा वास मांडवभर पसरला होता आणि कीर्तन लांबलं होतं. एक गडी उठल्यासारखा झाला, त्यानं कढईकडं बघितलं आणि परत मांडी घातली.

पंगत बसली. पोरांनी भाकऱ्या वाढल्या. कुणाच्या ताटात कुठली, देवालाही सांगता आलं नसतं. साळुबाईनं पहिला तुकडा मोडला आणि तिचा चेहरा खुलला. "मिठाची हाय!" ती अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "किती दिसांनी गं बाई!" दोनचार जण हसले आणि मांडवातला ताण जरा सैल झाला.

मिठाचं ताट घेऊन फिरणं हे पंगतीतलं सगळ्यात हलकं काम. ते अंजनानं मागून घेतलं. ओळीच्या टोकापासून ती सावकाश येत होती.

कारभारी म्हणून संपत पहिल्या ओळीत बसला होता, समोर गोरख. आमटी येईपर्यंत कोरडा तुकडा तोंडात टाकायची संपतची जुनी खोड. त्यानं तुकडा मोडला, तोंडात टाकला, चावला, आणि त्याचा जबडा थांबला. त्यानं एकदा राशीकडं बघितलं, एकदा ताटाकडं. भाकरी खरपूस होती, काठाला चीर नव्हती. आणि ती अळणी होती. मळ्यात मिठावाचून एकच चूल पेटत होती, ती कुणाची हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

शेजारच्यांनी हात थांबवले. संपत काय करतो, त्याच्यावर पंगत अडली होती. थुंकला असता तर निम्मा मांडव उठला असता. गोरख त्याच्याकडं टक लावून बघत होता. त्याच्या ओठावर या वेळी 'जाऊ दे' नव्हतं.

अंजना त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. वाकली.

"भाऊजी," ती म्हणाली, "मीठ वाढू?"

संपतनं घास गिळला. घशाखाली उतरताना तो सगळ्यांना दिसला. मग त्यानं ताट पुढं सरकवलं आणि खाली बघत म्हणाला, "वाढा, वहिनी."

तिनं चिमूटभर मीठ त्याच्या भाकरीच्या कडेला ठेवलं. शेजारच्या ताटातही एक मोडलेली भाकरी तशीच थांबली होती, तिथंही ठेवलं, आणि ती पुढं सरकली. ओळ लांब होती आणि मीठ अजून पुष्कळांना लागणार होतं.